तुरटीच्या घरातलं तपकिरी पाणी

"वहिनी, बादल्या कुठं ठेवू?"

दारात अध्यक्ष उभे होते. दोन्ही हातांत झाकणाच्या पांढऱ्या बादल्या, खांद्यावर प्लॅस्टिकच्या नळीचं वेटोळं आणि तोंडावर सांत्वनाला आल्यासारखा भाव. काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या हौशी लोकांचं एक मंडळ आहे, त्याचे ते अध्यक्ष. आमच्या यांचे जुने दोस्त. हे गेले तेव्हा येऊन, दोन शब्द बोलून, चहा न घेता गेले होते. आज पुन्हा यायचं काही कारण नव्हतं.

"बादल्या कशाला?" मी विचारलं.

"म्हणजे? चिरंजीवांनी सांगितलं नाही?"

चिरंजीव माझ्या मागे उभे राहून मोबाइलमध्ये डोकं घालून होते. दोन दिवसांची रजा काढून आले होते. मला वाटलं होतं, आईची आठवण आली म्हणून आले.

"मी सांगणारच होतो, आई," तो म्हणाला. "काका टाकी घेऊन जाणारेत. तू एकटी, दिवसभर कामावर. कशाला हवाय हा व्याप?"

"टाकी कुणाची आहे?"

"बाबांची."

"मग बाबांना विचार."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. अध्यक्षांनी बादल्या हळूच फरशीवर टेकवल्या. मी असं काही बोलेन असं त्या दोघांना वाटलं नव्हतं. खरं म्हणजे मलाही वाटलं नव्हतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला असं ते नव्हतं. बरेच दिवस आत शिजत होतं, ते त्या दोन पांढऱ्या बादल्या बघून बाहेर आलं.

मी काजं करते. शर्टाची, गणवेशाची, जे गठ्ठे येतील त्यांची. बटण कुणीही लावतं. ते चुकलं तर तोडून पुन्हा लावता येतं. काज चुकलं की कापडाला भोक पडलेलं असतं, ते काही परत बुजत नाही. कारखान्यात मला सगळे काजवाली म्हणतात आणि मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही.

आमचे हे पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर होते. धरणातून येणारं पाणी मोठ्या हौदांत घ्यायचं, तुरटी घालून गाळ खाली बसवायचा, मग वाळूतून गाळायचं आणि शहराला सोडायचं. कामावरचे लोक यांना तुरटी म्हणायचे. हौदात तुरटी किती घालायची ते हेच ठरवत म्हणून ते नाव पडलं, असं यांचं म्हणणं. स्वभावावरून पडलं असणार, असं माझं.

रोज कामावरून येताना ते नमुन्याची एक बाटली घेऊन यायचे. बूट काढायच्या आधी खिडकीपाशी जायचे, बाटली उजेडात धरायचे आणि मला हाक मारायचे. "दिसतंय का काही?" मी हातातलं काम टाकून जायचे, बघायचे आणि म्हणायचे, "काही नाही." तेवढ्यावर स्वारी खूश. लग्न झाल्यापासून आमचं हे चालू होतं. दुसऱ्यांच्या घरात नवरा-बायको काय बोलतात ते मला माहीत नाही. आमच्याकडे 'काही दिसत नाही' यावर गाडी छान चालायची.

अशा माणसाला मासे पाळायचा नाद लागला तर टाकी कशी असेल ते सांगायला नको. घरात चष्म्याच्या काचा एक वेळ मळक्या राहतील, टाकीच्या काचा नाहीत. दर रविवारी अर्धं पाणी बदलायचं. तळाची पांढरी खडी टूथब्रशनं घासायची. बाहेरच्या बदामाचं एखादं वाळकं पान खिडकीतून आत येऊन पाण्यावर पडलं, तर खून पडल्यासारखी धावपळ. शेवटी त्यांनी खिडकीलाच जाळी ठोकून घेतली.

त्यांना हवे होते ते एकाच जातीचे मासे, बुटके सिक्लिड. सिक्लिड तसे दांडगट म्हणून प्रसिद्ध. मोठे असले तर एकमेकांना फाडतात. हे त्यांचे गरीब नातेवाईक. नर करंगळीएवढा आणि मादी त्याच्याहून बारकी. पण अंडी घातली की मादी पिवळीधमक होते आणि मग सख्ख्या नवऱ्यालाही चार बोटांच्या आत येऊ देत नाही. तो बिचारा रंगीत शेपटी घेऊन कोपऱ्यात उभा. मला ते बघायला आवडायचं. का आवडायचं, ते मी यांना सांगितलं नाही.

यांचं स्वप्न एकच होतं. या माशांची पैदास घरी करायची आणि आपल्या टाकीत वाढलेली पिल्लं मंडळाच्या प्रदर्शनात मांडायची. इतक्या वर्षांत ते जमलं नाही. अंडी पडायची, त्याला तोटा नव्हता. पण अंडी दिसली की हे घायकुतीला यायचे. फार पूर्वी एकदा त्यांनी मादीला एक पिल्लू तोंडात घेताना पाहिलं होतं. "खाल्लं बघ तिनं. ही कसली आई." तेव्हापासून त्यांचा मादीवरचा विश्वास उडाला तो उडालाच. नंतर अंडी दिसायचा अवकाश, कुंडीच्या ज्या खापरीखाली ती असतील ती खापरी अंड्यांसकट उचलायची आणि वेगळ्या बरणीत ठेवायची. बरणीत पाणी असं, की बरणी रिकामी वाटावी. दोन-तीन दिवसांत अंड्यांवर पांढरी बुरशी धरायची आणि मग हे घरात कुणाशी बोलायचे नाहीत.

एकदा मी म्हणाले, "राहू द्या ना तिच्यापाशीच. तिचं ती बघेल."

"तुला यातलं काय कळतं? तू काजं कर."

मी काजं केली. ते वाक्य मात्र ठेवून दिलं. बायका असली वाक्यं विसरून जातात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

माणूस वाईट नव्हता. मशीनवर माझी बोटं आखडायची, तेव्हा न सांगता कोमट पाण्याचं भांडं माझ्यापुढे आणून ठेवायचा. तेही आधी गाळून. मुलगा तान्हा असताना त्याच्या आंघोळीचं पाणी उकळून, निववून, फडक्यातून गाळून द्यायचा आणि मी त्याला आंघोळ घालत असताना मागे उभा राहून माझ्या हातांकडे बघत राहायचा. जीव लावायचा, पण कुणाच्या हातात काही सोडायचा नाही.

हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी त्यांनी सलाइनच्या बाटलीकडे बोट केलं. मला वाटलं, काही हवंय. मी वाकले. ते म्हणाले, "चांगलं निवळलंय." त्यानंतर बोलले नाहीत. इतक्या वर्षांचा संसार, आणि शेवटचं बोलणं सलाइनशी. मला रडू आलं ते आलंच, पण त्याआधी राग आला. तो राग घेऊनच मी घरी आले.

घरात माणसांची ये-जा होती. त्या गडबडीत कुणीतरी फोन चार्ज करायला टाकीच्या फिल्टरचा प्लग काढला. पाण्याची घरघर थांबली ते माझ्या उशिरा लक्षात आलं. प्लग हातात घेतला आणि पुन्हा खाली टाकला. खिडकीची जाळी काढून टाकली, घरात जीव गुदमरत होता म्हणून. मग पानं यायला लागली. पाण्यावर पडायची, भिजायची, तळाला बसायची. मी बघत होते. कुणाला पाण्यात पाहणं म्हणतात ना, तसं मी त्या टाकीकडे बघत होते. मनात म्हणायचे, या ना आता टूथब्रश घेऊन, बघते.

आठवण झाली की चिमूटभर खाणं टाकायचे. दोन मासे मेले. माझ्या हलगर्जीपणानं मेले, नाही म्हणत नाही. शेवटी एक नर आणि एक मादी राहिली. पाणी आटलं की शिळं भरून ठेवलेलं पाणी ओतायचे, तेही कपानं. घरात तोच एक कप रिकामा असायचा. यांचा, पांढरा, कान तुटलेला. तो वापरवत नव्हता आणि टाकवतही नव्हता. एक दिवस पाणी ओतताना हातातून निसटला आणि तळाशी जाऊन आडवा झाला. मी म्हटलं, पड तिथंच.

पाणी हळूहळू पानांच्या रंगाचं झालं. गढूळ नाही, पण तपकिरी, कोऱ्या चहासारखं. यांनी पाहिलं असतं तर दुसऱ्यांदा गेले असते.

मग एका संध्याकाळी कामावरून आले तर मादी पिवळी दिसली. इतकी पिवळी मी तिला कधी पाहिली नव्हती. वर तरंगणारं एक पान काढायला पाण्यात बोट घातलं, तर ती खालून सरळ आली आणि माझ्या बोटावर आदळली. नखाएवढा जीव. पुन्हा मागे गेली आणि पुन्हा आदळली. मला हसू आलं. हे गेल्यापासून मी हसले नव्हते, आणि हसले कशाला, तर मार खाऊन.

कपाच्या आत, वरच्या बाजूला, तांबूस अंडी चिकटलेली होती.

हात शिवशिवत होता, खोटं का बोलू. बरणी समोरच फळीवर होती. मी हाताची घडी घातली. त्यानंतर रोज कामावरून आले की तशीच घडी घालून उभी राहायचे. अंड्यांची पिल्लं झाली. आधी तळाशी वळवळणारी नुसती कुसं, मग पोहायला लागली. आईच्या मागे सगळा लोंढा. कुजलेल्या पानांवर जी बुळबुळ धरते ना, तीच ती टिपून खायची. जी घाण यांनी जन्मभर घासली, तीच पिल्लांच्या पोटात जात होती.

आणि एकदा माझ्या डोळ्यांदेखत मादीनं एक चुकार पिल्लू तोंडात घेतलं.

मासे धरायची जाळी माझ्या हातात कधी आली, मला कळलं नाही. म्हणजे यांचंच खरं होतं. मादी वळली, कपापाशी गेली आणि तोंड उघडून ते पिल्लू बाकीच्यांत सोडून दिलं. खाल्लं नव्हतं. घरी आणलं होतं. मी जाळी घेऊन तिथंच टाकीपुढच्या यांच्या खुर्चीला धरून उभी राहिले आणि मोठ्यांदा म्हणाले, "बघितलंत?" खुर्ची रिकामी. तेव्हा जी रडले, ती मात्र रागानं नाही.

तर असं सगळं झालेलं, आणि दारात अध्यक्ष बादल्या घेऊन उभे.

मुलानं त्यांना आत नेलं. टाकीपुढे उभं राहून अध्यक्ष चुकचुकले. "अरेरे. तुरटीच्या टाकीत असलं पाणी?"

"आई, बाबांनी हे पाहिलं असतं तर काय वाटलं असतं त्यांना?" मुलगा म्हणाला. बोलायची तऱ्हा हुबेहूब बापाची. खाण तशी माती म्हणतात ते हेच.

अध्यक्षांनी नळीचं वेटोळं सोडवलं, टाकीत टोक घालायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. खिशातून चष्मा काढून लावला. नाक काचेला टेकवलं.

"वहिनी," ते अगदी हळू म्हणाले, "ही पिल्लं आहेत."

"माहितीये मला."

"अहो, पण ही आपल्या मंडळात आजवर कुणाकडे वाढली नाहीत. तुरटीनं अख्खा जन्म घालवला यात." त्यांनी चष्मा काढून पुसला. डोळेही पुसले. "वहिनी, आता तर न्यायलाच हवीत. प्रदर्शनात मधोमध मांडू. मोठी पाटी लावू. 'दिवंगत' लिहून तुरटीचं पूर्ण नाव, खाली 'यांच्या टाकीतली पैदास'. सगळे उभे राहून टाळ्या वाजवतील बघा."

मुलाचाही आवाज बदलला. "आई, बाबांचं स्वप्न होतं हे. आता नाही म्हणू नकोस."

इथं मी विरघळायला हवं होतं. क्षणभर विरघळलेही. पाटी डोळ्यांपुढे आली. हे तिथं असते तर कसे उभे राहिले असते, तेही दिसलं; हात मागे बांधून, हसू दाबून. मग ठेवून दिलेलं ते जुनं वाक्य आठवलं.

"हे त्यांनी केलेलं नाही," मी म्हणाले.

"अगं, नावानं काय फरक पडतो?"

"पडत नसेल तर माझं लाव."

मुलगा अवघडला. अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "तसं नाही वहिनी. तुमचा मान आहेच. पण तुम्ही म्हणजे, रागावू नका, तुम्ही काहीच केलेलं नाही. पाणी बदललं नाही, टाकी साफ केली नाही. झालं ते आपोआप झालं."

"ती पिल्लू तोंडात घेते ते पाहिलंय कधी?"

"हो, पाहिलंय की."

"तेव्हा हातात जाळी असताना गप्प उभे राहिलायत?"

ते पुन्हा चष्मा पुसायला लागले.

"यांना जमलं नाही. तुम्हालाही जमलं नसणार. काहीच न करणं सोपं असतं, तर या पाटीवर तुमच्यापैकी कुणाचं तरी नाव कधीच लागलं असतं." माझा आवाज चढला होता. चढू दिला. "आणि मला एक सांगा, आत्ता तिला बादलीत घातली आणि रस्त्यानं हलवत नेली, तर काय करेल ती?"

अध्यक्षांनी नळीकडे पाहिलं. "घाबरली तर खाईल पिल्लं," ते म्हणाले. "तेव्हा मात्र खरंच खाते."

"मग गुंडाळा ती नळी."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा टाकीकडे बघत होता. त्यानं काचेवर बोट टेकवलं आणि मादी आतून त्या बोटावर धावून आली. त्यानं दचकून बोट मागे घेतलं. मग तो गुडघे टेकून बसला.

"आई, हा बाबांचा कप ना?"

"हो."

"यात घातली होती?"

"यातच. आतून, वरच्या अंगाला."

तो मान वाकडी करून कपात डोकावू लागला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. केस विरळ व्हायला लागलेत त्याचे, बापासारखेच.

"बाबांचं नाव अजिबातच नको?" त्यानं विचारलं.

"त्यांचं नाव त्यांच्या कामावर आहे, बाळा. सगळं शहर त्यांनी निवळवलेलं पाणी पीत होतं. त्यांना माझ्या पैदाशीची पाटी कशाला हवी?"

तो उठला, दोन्ही बादल्या उचलल्या आणि अध्यक्षांच्या गाडीत ठेवायला खाली गेला.

अध्यक्ष दारात रेंगाळले. माणूस भला, पण हौस पाठ सोडत नव्हती. "वहिनी, पिल्लं मोठी झाल्यावर तरी मांडाल?"

"मांडेन. मी स्वतः घेऊन येईन. पाटीवर लिहा, काजवाली."

"नुसतं काजवाली? पूर्ण नाव?"

"मला सगळे त्याच नावानं ओळखतात. आणि पाणी हे असंच राहील. कुणी हौसेनं काचेसारखं केलं, तर भर प्रदर्शनातून टाकी उचलून आणीन, सांगून ठेवते."

ते हसले. मी हसले नाही. त्यांनी मान डोलावली आणि या खेपेला चहा मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मुलगा निघाला. निघताना यांनी ठोकलेली खिडकीची जाळी कुठाय म्हणून विचारलं. मला वाटलं, पुन्हा ठोकतो की काय. तर तो ती भंगारात द्यायला घेऊन गेला.

घर रिकामं झालं. दुपारचं ऊन खिडकीत आलं होतं. यांची नमुन्याची बाटली फळीवर होती तिथंच होती. मी ती काढली, टाकीच्या कडेला पाण्यात बुडवली आणि बुडबुडे थांबेपर्यंत धरून ठेवली. वर काढली तर तपकिरी पाण्याबरोबर एक पिल्लूही आत आलेलं. मी बाटली खिडकीशी नेऊन उजेडात धरली. पाणी पेटल्यासारखं लाल-तपकिरी दिसत होतं आणि मधोमध दोन काळे डोळे फिरत होते.

"दिसतंय का काही?" मी विचारलं.

रस्त्यावरून एक गाडी गेली. मग मी बाटली तिरकी करून टाकीत मोकळी केली. पिल्लू बाहेर पडून भलतीकडेच निघालं. मादी आली, तिनं ते तोंडात घेतलं आणि ती कपाकडे वळली. मी यांची खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यावर बसले.